दानेश्वरी अक्कांची उलटी चादर

सोलापुरात चादर घेणारा माणूस ती आधी उलटी करून बघतो. आमच्या गल्लीतल्या दानेश्वरी अक्का चादरीच्या दुकानात कामाला आहेत, आणि मोबाईलमधली ॲपंही त्या तशीच पारखतात. मुलांना कामधंदा शिकवणारं ॲप घ्यायचं म्हटलं, की आया थेट अक्कांकडे!

रविवारी शिवलीला लेकीला, सिद्धेश्वरीला, घेऊन आली. "अक्का, नर्सिंग शिकवणारं ॲप हाय. लई भारी!"

अक्कांनी ते उघडलं आणि भडकल्याच. "पहिला धडा दाखवायच्या आधीच फोनमधले सगळे नंबर मागतंय! ह्याला शिकवायचंय का चोऱ्या करायच्यात? काढून टाक!"

मग त्यांनी दुसरं शोधलं. काहीही न मागता त्यातला धडा सुरू झाला. शिवलीलानं टाळीच वाजवली.

तेवढ्यात त्याच ॲपमध्ये सिद्धेश्वरीला पाण्याचा पंप दुरुस्त करायचा धडा दिसला. पोरगी फोनवर वाकली ती वाकलीच. डोळे नुसते चमकत होते!

"अगं, नर्सिंग बघ की!" शिवलीला ओरडली.

अक्कांनी शिवलीलाचा हात धरला. "चादर उलटसुलट आपण बघितली की. आता पांघरणार ती. रंग तिलाच निवडू दे."