डोमाची किक

घुग्घुसच्या बसस्टॉपजवळ गुलाम रसूल यांचं शिवणकामाचं दुकान होतं. खाण कामगारांच्या वर्द्या शिवून पोट भरायचं. जीव मात्र फुटबॉलमध्ये. तरुणपणी ते लेफ्ट विंगला खेळायचे. गुडघा मोडला तसा खेळ सुटला, पण खेळावर बोलायची खोड काही सुटली नाही.

१९९८ च्या हिवाळ्यात गावाची टीम कोळसा पट्ट्यातल्या स्पर्धेत उतरली. चार सामन्यांत मिळून गोल झाला एकच. सेमीफायनल गाठायची तर शेवटचा सामना तीन गोलांनी जिंकणं भाग होतं.

"तीन गोल?" चहाच्या टपरीवर रसूलभाऊ मोठ्यानं म्हणाले. "या पोट्ट्यायसमोर पोस्ट रिकामा ठेवला तरी बॉल बाहीरच जाईन. फॉरवर्ड लाइनच नाई आपल्याजोळ. सेमीफायनल विसरा!"

फॉरवर्ड लाइनमधला पुढचा गडी त्यांचाच मुलगा, अनस. तो मागच्या बाकावर बसलाय हे त्यांना कळलं, तेव्हा तो अर्धा चहा टाकून चालू लागला होता.

"चौकात काऊन बोलले?" घरी बायको सईदानं विचारलं.

रविवारी टीम मैदानात उतरली आणि रसूलभाऊ जागीच थिजले. अनस पार मागं, गोलकीपरच्या पुढ्यात उभा. त्याच्या जागी पुढं डोमा! वर्धा नदीत जाळं टाकणारा हा ढिवराचा गडी सहा वर्षं बचावातच खेळत आलेला.

"हे काय होऊन राह्यलं?" त्यांनी शेजारी बसलेल्या टपरीवाल्या चैतूला विचारलं.

"अनसनंच सांगतलं कॅप्टनले. माह्यी जागा डोमाले द्या म्हणे, त्याची किक पाहा."

बाराव्या मिनिटाला डोमानं लांबूनच बॉल हाणला. कीपरनं हात वर करायच्या आत जाळी हलली. मध्यंतराआधी दुसरा गोल. शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा अनस मागून बॉल घेऊन सुसाट निघाला. समोर फक्त कीपर. आता मारणारच म्हणून रसूलभाऊ गुडघ्याचं दुखणं विसरून उठले, आणि त्यानं बॉल डोमाकडं ढकलला. तिसरा गोल!

तीन-शून्य! शिट्टी वाजताच लोक मैदानात धावले. रसूलभाऊ डोमाकडं बघत राहिले. सहा वर्षं एकही सामना चुकवला नव्हता त्यांनी, अन् ही किक त्यांना कधी दिसलीच नव्हती.

घरी अनस नळावर पाय धूत होता.

"डोमा पुढं खेळू शकते, हे तुले कसं समजलं रे?"

"तुमीच तर म्हणले, अब्बा, फॉरवर्ड लाइन नाई. मले पटलं. अन् डोमाची किक त मी प्रॅक्टिसले रोज पाहतो."

रसूलभाऊंनी खुंटीवरचा टॉवेल काढून त्याच्या हातात दिला.

पुढच्या आठवड्यात सेमीफायनलला टीम चार गोलांनी हरली. "रसूलभाऊ, काय चुकलं?" टपरीवर लोकांनी विचारलं.

"मले नका विचारू," ते म्हणाले. "डोमाले विचारा, अनसले विचारा."