पाकिटावरचं माहेरचं नाव

माझ्या बायकोला दोन नावं होती. एक पोशीरच्या माहेरचं. दुसरं मी दिलेलं, लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलेलं. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, ती अक्षरं आठ दिवस आधीपासून गिरवत होतो. पहिलं नाव तिथंच संपलं असं मी धरून चाललो. तिनं तसं धरलं नव्हतं.

म्हातारपणी ती मसाला करून विकायला लागली. खालापुराकडच्या फार्महाऊसवाल्या बायका मागून न्यायच्या. पाकिटावर तिनं माहेरचं नाव घातलं. आधी लेबलं हातानं लिहिली, मागाहून मोहोपाड्याच्या एका स्टिकरवाल्याकडून छापून आणली. सुनेनं त्याच नावानं वेबसाईट काढली.

"मामा," सून म्हणाली, "डॉट इन मी घेतलंय. डॉट कॉम मोकळं हाय, तेपण घेऊन टाकू. आन् ट्रेडमार्कचा अर्ज करू. नायतर उद्या दुसराच कोणी आपल्या नावानं दुकान मांडील."

मी म्हणालो, "त्या नावाची बाई या घरात नाय."

बायको मिरच्यांची देठं काढत होती. म्हणाली, "अवो, मग इतकी वर्षं तुमाला जेवाय कोण घालतंय?"

सून हसली. मला तेच जास्त लागलं. "मी दिलेलं नाव टाका, मग काय ते करा," म्हणून उठलो. अर्जावर सही बायकोची लागणार होती. सुनेनं पुढं केलेलं पेन तिनं घेतलं नाही. सुनेला म्हणाली, "थांब गं थोडी. यांचं डोकं निवू दे."

निवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या लेबलांचा डबा मी पाणी तापवायच्या चुलीत रिकामा केला. हातानं लिहिलेली लेबलं, छपाईची बिलं, सगळं. राख तिनं काढली.

दिवाळीच्या आधी ती गेली. छातीत दुखलं, कर्जतला दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं. डॉट कॉम राहिलं ते राहिलंच.

सहा महिन्यांनी एका फार्महाऊसवालीचा फोन आला. "आजोबा, आजींना सांगा, यावेळी मसाल्याला नुसता रंगच आहे." तिनं डॉट कॉमवरून मागवला होता. तो पत्ता स्टिकरवाल्यानं घेतला होता, ट्रेडमार्कचा अर्जही टाकला होता. पाठोपाठ त्याच्या वकिलाची नोटीस, की हे नाव तुम्ही वापरू नका. आमच्याच बाईचं नाव, आणि बंदी आम्हालाच.

कर्जतच्या वकिलानं समजावलं, "त्यानं आधी अर्ज केला म्हणून नाव त्याचं होत नाही. पण तुमच्या वेबसाईटच्याही आधीपासून आपण हे नाव वापरतो असं तो म्हणतोय. तुमचा वापर त्याच्या आधीचा आहे एवढं दाखवा. जुनी लेबलं, बिलं आणा."

सुनेनं घर उपसलं. माळा, कपाट, देव्हाऱ्याखालचा खण. "आईंनी डबा सांभाळायला मला सांगितलं होतं, मामा. मीच कुठं घातला," म्हणून रडली. आणि मी खाटेवर बसून बघत राहिलो. चार दिवस. लेबलं जाळल्यापेक्षा त्या चार दिवसांची मला जास्त लाज वाटते.

पाचव्या दिवशी सांगितलं. तिनं उपसलेला खण परत जागेवर लावला. मग विचारलं, "आईंना ठाऊक होतं?"

"राख तिनंच काढली."

"वकिलाला सांगाल हे?"

पहिलं लेबल चिकटवताना बघणारा मीच उरलो होतो, म्हणून प्रतिज्ञापत्र मी करायचं ठरलं. वकील भला माणूस. म्हणाला, "काका, कागद गहाळ झाले असं लिहू. बरं दिसतं."

"गहाळ नाय झाले. मी जाळले. तसंच लिवा."

"का जाळले, ते विचारतील."

"तेपण लिवा. बायकोनं माहेरचं नाव लावलं ते मला खपलं नाय."

टाईप करणाऱ्या बाईनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी फरशीकडं बघितलं. "सांगा, त्यांचं माहेरचं नाव," ती म्हणाली. लग्नापासून ते मी एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. दोनदा सांगावं लागलं.

निकाल काय लागेल ते वकीलही सांगत नाही. सून माझ्याशी कामापुरतं बोलते. डॉट कॉमवर ते नाव अजून स्टिकरवाल्याच्याच पाकिटावर आहे.