आमच्या क्लासातलं 'बिनाइन'

इंग्रजी शिकवणाऱ्या बाईला किस्से शोधत फिरावं लागत नाही, ते घरपोच येतात! मी नागपुरात सक्करदऱ्याला बायकांसाठी स्पोकन इंग्लिशचा क्लास घेते. मैत्रिणींना तिथलं काही सांगितलं की म्हणतात, "घरून रचून आणते काय वं?" नाही गं बायांनो! एकट्या एका शब्दाचंच ऐका.

एकदा 'काइंड' शिकवत होते. सुनंदाताई म्हणजे आमच्या सगळ्यात उत्साही विद्यार्थिनी. त्या लगेच म्हणाल्या, "मॅडम, काइंड तं पोट्ट्यायलेही येते. जरा भारी शब्द द्या ना!"

दिला. फळ्यावर लिहिलं, 'बिनाइन'. म्हणजे मायाळू, भल्या मनाचा.

*

वाक्यं करायला सांगितली. सुनंदाताई ताडकन उभ्या राहिल्या. "माय मदर-इन-लॉ इज बिनाइन!"

मी विचारलं, "खरंच का हो?"

"इंग्रजीत जमलं, मॅडम. मराठीत तं तोंडातून निंघतच नाही!"

*

रेखाचे मिस्टर वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये कामाला. दिवसभर ट्रक भरून घ्यायचे आणि पार थकून घरी यायचं. एका संध्याकाळी रेखानं पाण्याचा ग्लास हातात दिला आणि लाडानं म्हणाली, "यू आर बिनाइन!"

त्यानं ग्लास खाली ठेवला. "बिना काय वं? बिना अकलेचा म्हणून राहिली का मले?"

रेखानं अर्थ सांगितला. बिचाऱ्यानं ग्लास उचलून पाणी संपवलं. मग हळूच म्हणाला, "माह्या आईसमोर म्हणजो एकदा!"

*

सुनंदाताईंना भाजीवर थोडा सांबार फुकट हवा होता. सांबार म्हणजे आमच्या नागपूरची कोथिंबीर. भाजीवाल्याला म्हणाल्या, "भाऊ, बी बिनाइन!"

त्यानं मानही वर केली नाही. "बिनाइन खतम झालं, ताई. पालक घेऊन जा!"

*

मंगला आमच्यात सगळ्यात अबोल. मधे ती क्लासला येईनाशीच झाली. तिच्या आईच्या छातीत गाठ निघाली होती. गाठीचा तुकडा तपासणीला पाठवला होता. कॅन्सर हा शब्द दोघींनीही घरात काढला नव्हता.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. हसून म्हणाल्या, "डोन्ट वरी, इट इज बिनाइन. छोटंसं ऑपरेशन करून काढून टाकू."

मंगला तिथंच खुर्चीत बसून ढसाढसा रडायला लागली. म्हातारी घाबरली.

"काय म्हणते वं डाक्तरीण? सांग ना मले!"

मंगलानं डोळे पुसले. 'कॅन्सर नाही' एवढं सांगायलाही तो शब्द तिच्या तोंडून निघेना. मग आईचा हात धरून म्हणाली, "माय, तुही गाठ मायाळू हाय म्हणते."

म्हातारीनं पदरावरून गाठीवर हात फिरवला. डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं.

"मंग काहाले काढता जी बिचारीले? राहू द्या ना!"