वासराला गुण आला

आमच्या ईट गावातल्या दूधवाल्या आबांपुढं मी हात टेकलेत. म्हशीच्या आंबोणात मिनरल पावडर घालायला ते कधी चुकत नाहीत. दोन वर्षांच्या नातवाला मात्र दोन्ही वेळेला चहा-बिस्किट. "आबा, त्याला मटकीचं वरण भरवा, अंडं द्या," गावची आशाताई म्हणून मी सांगून थकले. "व्हय व्हय," म्हणत ते म्हशीची पाठ थोपटतात.

मागच्या आठवड्यात पोराला जुलाब लागले. मी झिंकच्या गोळ्या दिल्या. जुलाब थांबले तरी सगळ्या संपवा, असं बजावलं. आज विचारलं, तर आबा खुशीत.

"लई गुणाच्या गोळ्या, ताई! पोराचं थांबलं, मग उरलेल्या वासराला चारल्या. त्याला बी हगवण व्हती. बघा कसं उधळतंय!"

वासरू खरंच अंगणभर उधळत होतं. पोर उंबऱ्यावर चहात बिस्किट बुडवत बसलं होतं. बघायला उठलंसुद्धा नाही.