मोतिया रंगाचं फडताळ

आमच्या लोणावळ्याच्या घरातलं भिंतीतलं फडताळ मी बिघडवलं. त्यात दुसऱ्या कुणाचा हात नव्हता.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. सासूबाई लेकीकडे गेल्या होत्या. माजघर मुळात अंधारं, त्यात ते सागवानी फडताळ डांबरासारखं काळं. सासूबाई पितृपक्षात, सासऱ्यांच्या श्राद्धाला परतणार होत्या. तोवर फडताळाला मोतिया रंग देऊन त्यांना चकित करायचं मी ठरवलं. (चकित झाल्या. तेवढं साधलं.)

जवळच्या औंढे गावच्या तुकाभाऊ सुतारांना बोलावलं. त्यांनी दारावर अंगठा फिरवून हुंगला.

"वैनी, लय तेल प्यालंय ह्ये. रंग धरायचं न्हाई."

"सोड्यानं धुते."

"धुवा की. पर वाळवाल कुटं? भादव्यात हितं माणूस वाळंना."

"मग मीच रंगवते."

"रंगवा. दिवाळीनंतर खरवडाया येतो," म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

दोन हात दिले. आठ दिवस झाले तरी चिकटच. म्हणून वर तिसरा दिला. (का, ते आता सांगता येत नाही.) धूळ बसू नये म्हणून दारं घट्ट लावून घेतली.

श्राद्धाच्या दिवशी गुरुजी पाटावर बसले, हे ओल्या पंच्यानं उभे. यांचं सोवळं फडताळात. आणि दोन्ही दारं एकजीव झालेली.

"अहो, जरा जोर लावा."

"लावतोय. तू कडी ओढ."

मी ओढली. कडी तेवढी हातात आली. शेवटी गुरुजी उठले, दाराला गुडघा लावला, आणि तिघांनी मिळून ते उघडलं. यांचे दोन्ही तळवे मोतिया. गुरुजींनी स्वतःचं सोवळं पाहिलं आणि ते पुन्हा आंघोळीला गेले.

त्याच सकाळी परतलेल्या सासूबाईंनी दारावर हात ठेवला.

"दर दिवाळीला अभ्यंग झालं की उरलेलं तेल ते ह्यालाच चोळायचे. बावीस वर्षं." मग रंगलेला तळवा बघत म्हणाल्या, "तुला कुणी सांगितलं नव्हतं, हेही खरंच."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुकाभाऊ बोलल्याप्रमाणे आले. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. रंग निघाला, पण त्याबरोबर बावीस दिवाळ्याही निघाल्या. खाली राहिलं ते करडं, चट्ट्याचट्ट्यांचं लाकूड.

तेव्हापासून दर दिवाळीला मी तेल चोळते. सासूबाई होत्या तोवर पाटावर बसून बघायच्या. "खालचा कोपरा राहिला," एवढंच म्हणायच्या. आता त्याही नाहीत.

पाहुणे विचारतात, "खोक्याच्या फळ्यांचं केलंय का हो?"

"अस्सल सागवान आहे," मी सांगते. ते मान डोलावतात. थापा मारणाऱ्या बाईसमोर भली माणसं डोलावतात, तशी.