पात्याखालचा कागद

सगळी इमारत तिला बाइंडरबाई म्हणायची. बाहेरच्या खोलीत ती पुस्तकं बांधायची, कॉलेजच्या प्रबंधांना पुठ्ठे चढवायची. नऊ महिन्यांची लेक खोक्यांच्या कुंपणात बसून कागदाच्या पट्ट्या चघळायची. चिकटवायची खळ माळ्यावर ठेवलेली असायची आणि कागद कापायचं हातमशीन, लेकीची झोप मोडू नये म्हणून, ती जागी असेल तेव्हाच चालायचं.

खालच्या मजल्यावर राहणाऱ्या सोसायटीच्या अध्यक्षांना त्या मशीनचा आवाज खुपायचा. एका सकाळी ते दोन हमाल घेऊनच आले.
"राहत्या घरात धंदा चालणार नाही. आई झालात ना? मग लेकरू सांभाळा."

तासाभरात मशीन अंगणात गेलं. प्रबंध वेळेत झाले नाहीत. कॉलेजनं काम दुसऱ्याला दिलं. बाई रडली नाही. लेकीला भरवतानासुद्धा तिच्या जबड्याचे स्नायू ताठ असायचे.

त्यानंतर महिन्यानं इमारतीच्या सेक्रेटरींनी सभांची जुनी इतिवृत्तं तिच्याकडे शिवायला दिली. पानं खिळखिळी झाली होती. शिवण हातानंच घालायची होती, त्याला मशीन लागत नव्हतं. लेकीला मांडीवर पाजता पाजता बाईनं पानन् पान वाचून काढलं. घरात बसून हातकाम करायला, हातानं चालणारं यंत्र वापरायलाही, परवानगी लागत नाही, असा ठराव त्यात होता. आणि गच्चीवरची खोली सगळ्यांची, तिथे कुणी माल ठेवायचा नाही, असाही. त्या खोलीत अध्यक्षांच्या दुकानाचे नळ आणि पाइप छतापर्यंत रचलेले होते.

वार्षिक सभेत ती लेकीला कडेवर घेऊन उभी राहिली. लेकीनं भोकाड पसरलं.
"बाई, आधी तिला गप्प करा," अध्यक्ष म्हणाले.
"रडू दे. मी मोठ्यानं वाचते."

तिनं तारखेसकट दोन्ही ठराव वाचले. मग एकेक हात वर गेला. मशीन परत वर न्यायचं ठरलं, आणि खोली रिकामी करायचं.

"चार दिवस तरी द्या," अध्यक्ष अजिजीनं म्हणाले.
"मला तुम्ही तास दिला होता. तुम्हीही तासच घ्या."

नळांची खोकी अंगणात उतरत होती तेव्हा ती खिडकीत उभी राहून शेवटच्या खोक्यापर्यंत बघत राहिली. मनातली आग जरा निवली, पण विझली नाही. अध्यक्षांनी पद सोडलं. कॉलेजचं काम मात्र परत आलं नाही. तिनं वकिलांच्या फायली बांधायला घेतल्या.

आता जिन्यात अध्यक्ष दिसले की लेक हसून त्यांना टाटा करते. तेही नकळत हात वर करतात. बाई लेकीचा हात धरून खाली घेते आणि पायऱ्या चढू लागते.