आईची पंधरा फूट वाट

किस्से मी गोळा करत नाही. ते आपणहून येतात, खुर्ची ओढून बसतात आणि चहा मागतात. आमच्या पनवेलच्या सोसायटीतून तर इतके येतात, की त्यांच्यासाठी वेगळं पार्किंग ठेवायला हवं!

ही सोसायटी आमच्याच भातशेतावर उभी आहे. बदल्यात दोन फ्लॅट मिळाले. एकात मी आणि आई, दुसरा भाड्याने द्यायचा.

*

सेक्रेटरीसाहेबांचं नाक म्हणजे सीसीटीव्ही. एकदा दार वाजवून म्हणाले, "तुमच्या सुक्या बोंबलाचा वास खालपर्यंत येतोय."

आई आतून ओरडली, "आज सोमवार हाय. मटकी शिजतेय. बोंबील तुमच्या नाकातच ऱ्हायला आलाय!"

*

मग सॅम्युएलकाकांनी फ्लॅट घेतला. फॉर्मवर लिहिलं, 'एस. आपटेकर'. आडनाव बघून साहेबांनी दोन मिनिटांत सही ठोकली.

घरभरणीला काकांनी मलिदा केला. गोड पोहे, खोबरं, फळं. साहेब तिसरी वाटी चापत म्हणाले, "वा! कुठल्या देवाचा प्रसाद?"

"एलियाहू नबीचा. आम्ही बेने इस्रायली, कोकणातले ज्यू."

साहेबांचा घास तोंडातच थांबला.

काका शांतपणे म्हणाले, "थुंकायचं असेल तर बेसिन तिकडे. गिळायचं असेल तर अजून आहे."

साहेबांनी गिळला. वर चौथी वाटी घेतली!

*

आता माझंही सांगतो, नाहीतर तुम्ही मला साधू समजाल.

नसरीनचा फोन आला. डायलिसिसची नर्स, भाड्याने घर हवं होतं. नाव ऐकलं आणि माझ्या तोंडून निघालं, "बघतो, कळवतो."

आईने ऐकलं. म्हणाली, "भात लावाया बाया यायच्या तवा आमी हात बघायचो. तू नाव बघतंस?"

पाच मिनिटांनी मीच फोन केला. मान खाली घालून.

*

साहेब म्हणाले, "मुलगी चांगली आहे हो. पण लोक काय म्हणतील?"

मी लोकांना शोधायला निघालो. चोवीस बेल वाजवल्या. प्रत्येक दारात तेच, "आम्हाला चालेल हो, पण लोक..." चोवीस फ्लॅट, आणि लोक एकातही राहत नाहीत!

तरी साहेबांनी वॉचमनला बजावलं, "रविवारी तिच्या सामानाचा टेम्पो आला तर गेट उघडायचं नाही." आणि नसरीनला जुनी खोली रविवारीच सोडायची होती. टेम्पो भरून झाला होता.

*

बिल्डरने शेत घेतलं, पण गेटासमोरची पंधरा फूट वाट सातबाऱ्यावर अजून आईच्या नावावर आहे. हे साहेब विसरले होते. आई नव्हती.

रविवारी सकाळी आईने वाटेवर कपड्यांची दोरी आडवी बांधली आणि प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसली. शेजारी सॅम्युएलकाका, हातात सोसायटीचा भाडेकरूंसाठीचा फॉर्म. आईला वाचता येत नाही ना!

गेटातून बाहेर निघालेली पहिलीच गाडी साहेबांची. भाचीचा साखरपुडा, अंगात कडक इस्त्रीचा कुर्ता.

काकांनी वाचलं, "धर्म? जात? आहार? घरी येणारे पाहुणे कोण?"

"आजी, हे काय विचारणं झालं?"

"तुमचाच फॉर्म हाय, सायेब."

"अहो, मी इथे सहा वर्षं राहतोय!"

"मी भात लावलाय हितं. सांगा, खाता काय?"

मागे आठ गाड्या हॉर्न वाजवत होत्या. खिडक्या उघडल्या. मला वाटतं, त्या दिवशी पहिल्यांदाच 'लोक' दिसले!

तेवढ्यात पळस्प्याकडून टेम्पो आला. पुढे ड्रायव्हरशेजारी नसरीन, मांडीवर कुकर.

साहेबांनी घड्याळ बघितलं, टेम्पो बघितला, दोरी बघितली. मग वॉचमनवर खेकसले, "बघतोस काय? गेटाचं दुसरं दार उघड! येऊ दे तिला!"

आई उठली. टेम्पोच्या खिडकीशी गेली, नसरीनच्या कानात काहीतरी पुटपुटली आणि दोरी सोडली. टेम्पो आत गेला.

साहेब काच खाली करून म्हणाले, "मला एवढे प्रश्न! तिला एकही नाही?"

"इचारला ना," आई दोरी गुंडाळत म्हणाली. "जेवलीस का, म्हनून."